आरसा घासायची हत्यारं

दुर्बीण म्हटलं की लोकांना नळी दिसते. आमच्याकडे कोणी आलं की पहिला प्रश्न ठरलेला, नळी केवढी आहे? अहो, नळीचं काय घेऊन बसलात! नळी म्हणजे पाइप, तो कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानाबाहेर उभा असतो. दुर्बीण म्हणजे तिच्या तळाशी बसवलेला आरसा. तो जाड काचेच्या चकतीतून घासून काढावा लागतो, आणि घासायची नि तपासायची हत्यारं घरीच करावी लागतात. आमच्या घरची मी केली. हे मला स्वतःच्या तोंडाने सांगावं लागतंय, कारण सोमाटण्याच्या आकाशनिरीक्षण मंडळाने आमच्या कामाचा फोटो ग्रुपवर टाकला तेव्हा त्यात मी चहाचा ट्रे धरून उभी होते आणि खाली लिहिलं होतं, ‘वहिनींच्या हातचा चहाही अप्रतिम.’

माझं माहेर वराळ्याचं, नोकरी लोणावळ्याच्या शाळेत, विषय गणित. आमचे हे रेल्वेत. घाट चढताना गाडीला मागून रेटा द्यायला जी इंजिनं लावतात, त्यांच्यावर ते ड्रायव्हर होते. आयुष्यभर दुसऱ्याची गाडी ढकलली आणि खंडाळ्यापुढे सोडून दिली. रिटायर झाल्यावर हा माणूस आता पेपर वाचेल, भाजी आणेल, माझ्या पायात पायात करेल, एवढीच माझी अपेक्षा होती. झालं भलतंच. उजवा हात मांडीवर ठेवला की त्याचा अंगठा बोटांवरून आपोआप फिरायला लागला, जपमाळ ओढावी तसा. तळेगावच्या डॉक्टरांनी कंपवात सांगितला. औषधाने दाबून ठेवू, पण हळूहळू वाढत जाणार, असं म्हणाले आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

घरी येऊन हे ओटीवर बसले. हाताकडे बघत होते. मग म्हणाले, “मला एक आरसा करायचाय. हात हायेत तवर.”

“कसला आरसा? दाढीचा?”

“दुर्बिणीचा.”

घाटात सिग्नल मिळेपर्यंत इंजिन उभं राहायचं, तेव्हा हे खिडकीतून आभाळ बघायचे, एवढं मला माहीत होतं. पण आरसा? मी म्हटलं, रिकामा सुतार कुल्ले ताशी. मुलीला फोन केला, तर ती म्हणाली, बाबा, कशाला त्रास, मी ऑनलाइन मागवते, परवा घरी येईल. हल्लीच्या पोरांकडे प्रत्येक दुखण्यावर एकच औषध, परवा घरी येईल! यांनी फोन माझ्या हातात दिला आणि म्हणाले, “मागवलेल्यात माझं काय असंल?” आणि डॉक्टरांचं ‘वाढत जाणार’ मीही ऐकलं होतं. म्हणून तोंडाने बडबडत का होईना, मी उठले.

काम ऐकायला सोपं आहे. उभ्या पिंपावर एक चकती बसवायची, तिला हत्यार म्हणायचं. तिच्यावर ओली दगडी पूड, आणि वर काच. काच पुढेमागे ढकलायची, जरा फिरवायची, स्वतःही पिंपाभोवती फिरायचं. असं महिनोन्‌महिने केलं की वरची काच मधून खोल होते. पूड आधी भरड रव्यासारखी, मग बारीक, शेवटी मैद्यासारखी. काचेला हात फक्त यांनी लावायचा, तो त्यांचा हट्ट. हत्यारं मात्र माझ्या गळ्यात आली, कारण बारीक काम त्यांच्याच्याने होईना. स्क्रू त्यांच्या चिमटीतून सुटून ओटीभर उड्या मारायचा आणि ते तो शोधायच्या निमित्ताने बराच वेळ वाकून राहायचे.

पहिलं हत्यार मी प्लॅस्टरचं ओतलं. वरून फरशीचे तुकडे चिकटवायचे होते. फरशीला तोटा नाही. खंडाळ्यात बंगला विकत घेतला की पहिलं काम जुनी चांगली फरशी उचकटायची आणि तिथे घसरून पडायची सोय होईल अशी गुळगुळीत नवी घालायची. रस्त्याकडेला ढीग पडलेले असतात. तिथून मी पिशवी भरून आणली. आता प्लॅस्टर वाळायला हवं. मोबाइलवरच्या व्हिडिओत एक गोरागोमटा गृहस्थ हसत हसत सांगत होता की एका दिवसात वाळतं. वाळत असेल बाबा तुझ्या गावात. आमच्याकडे पावसाळ्यात मिठाचं पाणी होतं, कपाटातल्या चपलांना बुरशी येते, आणि हा मला दिवसाचा हिशेब सांगतो! आमचं प्लॅस्टर आठवडाभराने दाबलं तर बोट आत गेलं. काही दिवसांनी त्यावर हिरवट लव आली. मी ते उचलून कुंपणापाशी टाकलं, तिथे त्याचा पार चिखल झाला.

दुसरं मी फ्रिजच्या मागे ठेवलं, जिथे गरम हवा निघते. फ्रिज भिंतीपासून हातभर पुढे ओढला, त्यामुळे स्वयंपाकघरात तिरकं चालावं लागे. चांगलं खणखणीत वाळलं तेव्हा सगळ्या बाजूंनी वॉर्निशचे हात दिले, म्हणजे घासताना पाणी आत शिरायला नको. मग फरशीचे तुकडे बसवले. मधोमध तुकडा येऊ द्यायचा नाही, जरा बाजूला सरकवायचा, नाहीतर काचेच्या मध्यावर वर्तुळं उमटतात. हे त्या गोऱ्या गृहस्थाने सांगितलं नव्हतं. मी कागदावर चकती काढून, पेन्सिल फिरवून बघितलं तेव्हा कळलं. काच किती खोल गेली ते मोजायलाही मीच एक साधन केलं, पत्र्याच्या तीन पायांच्या तिवईत मधोमध डायल बसवून. ते बघून हे म्हणाले, “डायल वाकडा बसलाय.” वाकडा नव्हता. त्यांनी तिवई दाराच्या उंबऱ्यावर ठेवली होती.

सोमाटण्याच्या मंडळात आम्ही गेलो ते याच सुमारास. एका सोसायटीच्या हॉलमध्ये रविवारी दुपारी जमतात. अध्यक्षांचा खंडाळ्याला बंगला, बंगल्यात इंपोर्टेड दुर्बीण, आणि दुर्बीण अजून खोक्यात. खोक्यातून का काढत नाही विचारलं, तर म्हणाले, दमट हवेने खराब होते. मग विकत घेतली कशाला, असं मी विचारणार होते, पण यांनी माझ्या पायावर पाय दिला. उथळ पाण्याला खळखळाट फार. या गृहस्थांचा एकच शब्द, अप्रतिम. काच अप्रतिम, पूड अप्रतिम, यांनी नुसतं पिंप आणलं तर पिंपही अप्रतिम. सगळ्यांना सर म्हणायचं आणि सगळ्यावर अप्रतिम म्हणायचं, की मंडळ चालतं. यांना मात्र ते आवडायचं. पिंपाभोवती फिरताना, काच ढकलताना हात कापायचा नाही. कापरं यायचं ते हात रिकामा असला की. त्यामुळे घासायला लागले की माणूस जुन्यासारखा दिसे, आणि मी तोंड बंद ठेवून बघत बसे. फार वेळ नाही, थोडा वेळ.

घासून झालं की पॉलिश. त्याला वेगळं हत्यार लागतं. चकतीवर राळेचा थर ओतायचा. राळ कडक झाली तर काचेवर चरे पडतात, मऊ राहिली तर काचेची कड ढळते. म्हणून राळेत एरंडेल घालायचं, थेंब थेंब, आणि मंद आचेवर बसायचं. राळ भडकली तर घर जाईल. मी ओट्यापासून हलले नाही. लोणावळ्यात राहून पाक बघता येत नसेल तर जगून उपयोग काय? चिक्कीला बघतात तसंच, गार पाण्यात थेंब टाकायचा आणि नखाने दाबायचा. नख रुतलं पाहिजे, पण सावकाश. शेजारच्या मावशी वासाने धावत आल्या आणि म्हणाल्या, “काय करपवलंस गं? लय घाण येतीया!” मी म्हटलं, आरसा शिजवतेय. त्या आल्या पावली परत गेल्या आणि दोन दिवस आमच्याकडे आल्या नाहीत. राळेवर मी सुरीने चौकोनी खाचा पाडल्या, वड्या पाडतात तशा. देखणं झालं होतं माझं हत्यार. खोटं कशाला बोलू?

काच अर्धीअधिक पॉलिश झाली आणि नवरात्र आलं. खंडेनवमीला मंडळात हत्यारांची पूजा करायची ठरली. प्रत्येकाने आपापलं आणायचं. आता यात गैर काय? यांच्या शेडमध्ये दर दसऱ्याला इंजिनाला झेंडूचे हार घालत, पुढे नारळ फोडत, चाकाला कुंकू लावत, आणि मग ते इंजिन वर्षभर इमानाने घाट चढे. आमच्या वराळ्यात नांगरापासून पाट्यापर्यंत सगळ्याला हळद-कुंकू लागतं. हे राळेची चकती नव्या पंच्यात गुंडाळून घेऊन निघाले. मीही झेंडूचा हार ओवला. खरं सांगायचं तर मला बरंच वाटलं होतं. इतके महिने मी खपले, चहाच्या ट्रेपलीकडे कोणी बघितलं नाही, निदान देवासमोर तरी माझं हत्यार मांडलं जाणार होतं.

अध्यक्षांनी टेबलावर आकाशगंगा काढायला लावली होती, रंगीत रांगोळीची. जांभळी, निळी, मध्ये पांढरे ठिपके. वर पंखा गरगरत होता. आमची चकती मधोमध, मानाच्या जागी. तिच्यावर यांनी स्वतः हळद-कुंकू वाहिलं, अध्यक्षांनी अक्षता टाकल्या, मी हार घातला. आरती झाली, पेढे झाले, फोटो झाले. ऑक्टोबरचं ऊन, हॉलला पत्रा, आणि राळ म्हणजे उन्हात चिकट होणारी वस्तू. हे त्या हॉलमध्ये एकाच्याही डोक्यात आलं नाही, आणि निम्मे लोक इंजिनिअर होते. माझ्याही नाही आलं, मी फोटोसाठी पदर नीट करत होते.

घरी येऊन यांनी राळ धुतली, कुंचल्याने घासली, पुन्हा धुतली. कुंकू गेलं, अक्षता गेल्या. दुसऱ्या दिवशी काच वर ठेवून दोन-चार हात मारले आणि थांबले. असा आवाज मी त्या कामात कधी ऐकला नव्हता, पाटीवर खडा ओढल्यासारखा. काच उचलून उजेडात धरली. मधून कडेपर्यंत बाकदार चरे, मांजरीने पंजा मारावा तसे. हल्लीची रंगीत रांगोळी म्हणजे रंगवलेली वाळू. पंख्याने ती उडून राळेत रुतली होती. आकाशगंगा म्हणे! आग लागो त्या आकाशगंगेला.

यांनी अध्यक्षांना फोन केला. काय करायचं म्हणून विचारायला केला होता, तक्रार करायला नाही. ते म्हणाले, “सर, चंद्रावरही डाग आहेतच की. असू द्या. तरीही अप्रतिमच.” स्पीकर चालू होता. मी फोन घेतला आणि त्यांना चंद्राबद्दल, खोक्याबद्दल आणि त्यांच्या एकुलत्या एका शब्दाबद्दल जे वाटत होतं ते सगळं सांगितलं. तेव्हापासून आम्हाला ग्रुपवरचे निरोप येतात, पण चहाला कोणी बोलवत नाही.

चरे घालवायला मागे जावं लागलं, पार बारीक पुडीपर्यंत. म्हणजे सगळं नव्याने, आणि मधल्या काळात हात थांबलेला नव्हता. थंडीत तो वाढला. आधी रिकामा असताना कापायचा, आता काच धरल्यावरही पहिली काही मिनिटं कापायचा. चमच्यातली आमटी शर्टावर सांडायची. ते शर्ट बदलायचे आणि पिंपापाशी जायचे. एकदा मी म्हटलं, मी घासू का जरा? तर असं बघितलं माझ्याकडे, की मी परत विचारलं नाही. मी राळ खरवडून काढली, नवी शिजवली, नव्या वड्या पाडल्या. यावेळी घरात रांगोळीचा डबाही ठेवला नाही, तुळशीपुढे नुसतं पाणी शिंपडायचे. मावशींनी विचारलं, सुतक हाय का? मी म्हटलं, तसंच समजा.

उन्हाळा लागता लागता काच पुन्हा चकचकीत झाली. आता तपासणी. त्याचं साधनही माझंच. पत्र्याच्या डबीत बारीक दिवा, डबीला केसाएवढी फट, शेजारी दाढीचं पातं, आणि पातं तसूतसूने सरकवायला एक स्क्रू. आरसा समोर लांब उभा करायचा. फटीतला प्रकाश आरशावर जाऊन परत येतो, तो पात्याने हळूच अडवायचा आणि पात्याआडून आरशाकडे बघायचं. काच कुठे उंच, कुठे खोल राहिली असेल तर सावलीत टेकाडं नि खळगे दिसतात. आमचा आरसा लहान आणि लांब पल्ल्याचा, म्हणजे खोली अगदी कमी, त्यामुळे त्याला एकच अट. सावली सगळीकडून एकदम, सारखी पडली पाहिजे. पडली तर आरसा खरा, नाहीतर पुन्हा पिंप.

भरदुपारी अडगळीच्या खोलीत अंधार केला. यांनी खिडकीला माझी चांगली घोंगडी ठोकली, खिळ्यांनी. बोलण्याची ती वेळ नव्हती म्हणून मी गप्प बसले. मग ते स्टुलावर बसले, स्क्रूला हात लावला आणि सावली आरशावरून नाचत सुटली. हात काढला, थांबले, पुन्हा लावला. पुन्हा तेच. डाव्या हाताने करून बघितलं. शेवटी उठले आणि म्हणाले, “तू बघ.”

मी बसले. स्क्रू फिरवला. डाव्या कडेला काळं येईल, मध्ये खळगा दिसेल, असं धरूनच मी डोळा लावला होता. माझी जन्माची नजर चूक शोधण्यात तयार झालेली. पण चूक येईना. मी पातं मागे घेतलं, पुन्हा आणलं. आरसा पुनवेच्या चंद्रासारखा उजळला आणि मग सगळाच्या सगळा, कडेपासून कडेपर्यंत, एकदम करडा झाला. एक टेकाड नाही, एक खळगा नाही. मी परत बघितलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, त्यामुळे नंतर नीट दिसेना.

“चांगला झालाय,” मी म्हटलं.

मला वाटलं, यांनी ऐकलं नाही. म्हणून परत म्हटलं, “अहो, चांगला झालाय. लय चांगला झालाय.”

मागून आवाज आला, अगदी बारीक. “डॉक्टर तुला माझ्यामागं काय बोलला?”

मला आधी कळेचना. मग कळलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, या बाईने ना कधी माझी भाजी वाखाणली, ना इंजिन, ना शर्ट. ही आज चांगलं म्हणतेय, म्हणजे माझं काही खरं नाही, असा हिशेब त्या माणसाने अंधारात उभ्या उभ्या मांडला होता. आणि गणित शिकवणाऱ्या मला त्यात चूक दाखवता येईना.

मग मी घोंगडी ओढून खाली पाडली आणि तोंड सोडलं. “डॉक्टर कशाला काय बोलंल? हितं मी काय कमी बोलतेय? ही बघा घोंगडी! नवी कोरी, आन्‌ तुमी तिला खिळं ठोकलं? दोरी न्हाई घरात? स्टूल आणलंय त्ये लंगडं! आरसा उभा केलाय त्यो विटेवर, तीबी फुटकी! एक काम म्हणून धड करत न्हाई! ह्या अख्ख्या खोलीत एक त्यो आरसा तेवढा धड झालाय, आन्‌ मी दोनदा बघितलं, तिसऱ्यांदा बघितलं, त्याला नावं ठेवायला जागा घावली असती तर मी सोडली असती व्हय तुमाला?”

ते ऐकत उभे होते. उजेडात त्यांचा चेहरा हळूहळू सैल पडला. डाव्या हाताने दाबून धरलेला उजवा हात त्यांनी सोडून दिला, आणि तो कापत राहिला तरी पुन्हा धरला नाही. लंगड्या स्टुलावर बसले, आरशाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

“घोंगडीचं परत एकदा बोल,” म्हणाले.